राखेचं गाडगं

करमाडच्या पुढं पंधरा उंबऱ्यांची वस्ती. परवा दुपारी असं वावधान सुटलं की पत्रे पत्रावळीसारखे उडाले नि भिंती बसल्या. शहरातल्या कॉलनीतून दहाजण आवरायला आले, त्यांत काकासाहेब गोर्डे. मूळचे पैठणकडचे शेतकरी, पण तीस वर्षं कचेरीत फायली सरकवून तळहात लोण्यासारखे झालेले. तरी जीपमधून उतरल्याबरोबर सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्याला काही शिकवू नका. आपण शेतकऱ्याचं पोर!"

"मंग माझं घर तुमच्या हवाली," म्हणत म्हातारी भागूबाई उडालेले पत्रे धुंडायला रानात गेली.

काकासाहेबांनी दणक्यात काम काढलं. विटा एकीकडं, भांडी एकीकडं. कोपऱ्यात गाडगं फुटून राख सांडली होती. ती खराट्यानं लोटली, टोपल्यात भरली नि खापरांसकट उकिरड्यावर नेऊन ओतली.

भागूबाई आली ती आधी कोपऱ्यात वाकली.

"साहेब, इथं राखेचं गाडगं व्हतं."

काकासाहेबांनी रिकामं टोपलं पाठीमागं सरकवलं. त्यांची आईसुद्धा बी असंच राखेत ठेवायची, किडू नये म्हणून. त्या गाडग्याला कुणी हात लावला तर उलथनं फेकून मारायची. सगळं आठवलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"वाऱ्यानं नेलं असंल, मावशी."

म्हातारीनं भुईकडं पाहिलं.

"व्हय? वारं लई गुणाचं म्हणायचं. नेलं ते नेलं, वर खराटा बी मारून गेलं."

शेजारची गीताबाई फिसकन हसली. काकासाहेबांचे कान तापले.

"मीच टाकलं," ते पुटपुटले.

"सासूपासूनचं वाळकाचं बी हाय. बाजारात नाय गावत. मिरग पंधरा दिसांवर आला." तिनं सूप पुढं केलं. "शेतकऱ्याचं पोर ना? पाखडा."

उकिरड्यावर उकिडवं बसून काकासाहेब पाखडायला लागले. राख डोळ्यांत गेली नि राखेबरोबर बीही उडालं.

"आरं, खांद्यातून नाय. मनगटातून!" भागूबाई साहेबावरून 'आरं'वर आली होती.

तिकडं कॉलनीवाले फोटोसाठी हाका मारत होते. जीपचा हॉर्न वाजला.

"व्हा पुढं. मी एसटीनं येतो," काकासाहेब मान वर न करता म्हणाले.

दिवस कलला तेव्हा सुपात जेमतेम मूठभर बी होतं.

"पुरंल का, मावशी?"

"उगवल्यावर सांगते," म्हातारी म्हणाली नि पदराच्या टोकात बी बांधायला लागली.

काकासाहेबांनी पुन्हा उकिरड्यात हात घातला.