ह्युगेतचं अंधारखातं

पावाचं टोक ती दुकानाच्या पायरीवरच मोडून खायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगायची, की तुझे पाव हल्ली आखूड येतात. एकटीच पत्ते खेळायची आणि त्यातही लबाडी करायची. शेजाऱ्यांच्या कुत्र्याची नावाने चौकशी करायची, शेजाऱ्यांची नाही. सकाळी खिडकीतून डोंगराकडे बघून हवामान सांगायची. ते हमखास चुकायचं, त्यामुळे ती "ऊन" म्हणाली की आमच्या जिन्यावरचे सगळे छत्री घेऊन निघायचे. कुणी बोलायला आलं की आधी त्याच्या हातांकडे बघायची, कारण तिचा जन्म हातमोजे शिवण्यात गेला होता. आणि शिट्टी मारायच्या आधी बोटातली अंगठी काढून खिशात टाकायची. तिने अंगठीला हात घातला की जवळचे लोक कान झाकून घ्यायचे.

ह्युगेत पेलू. ग्रनोब्ल शहराच्या जुन्या भागातल्या एका चौकात दुसऱ्या मजल्यावर राहायची. मी तिच्या वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा माझ्याकडे साहित्याची पदवी होती आणि नोकरी नव्हती. पहिल्या दिवशी जिन्यात मी तिला अहोजाहो केलं. ती म्हणाली, "अहोजाहो मेल्यावर कर. आत्ता ही पिशवी वर ने."

आता ती मेली आहे. तरी मला जमत नाही.

दर जुलैमध्ये आमच्या चौकात उघड्यावर लघुपट दाखवतात. लोक उशा, घडीच्या खुर्च्या, टोमॅटो, वाइन घेऊन येतात आणि अंधार पडायची वाट बघतात. उन्हाळ्यात तो लवकर पडत नाही. पडला तरी खरा अडथळा पुढेच असतो. दिवसभर उकाड्याने झडपा लावून बसलेले लोक संध्याकाळी वारा सुटल्यावर खिडक्या सताड उघडतात, आणि सगळा उजेड चौकात सांडतो. रस्त्यावरचे दिवे नगरपालिका बंद करते. घरांतले कोण करणार?

ह्युगेत करायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती स्वतःला अंधारखात्याची मंत्री म्हणवून घ्यायची आणि पडदा लागायच्या आदल्या दिवशी सगळे जिने चढायची.

प्रत्येक दारासाठी तिची वेगळी युक्ती असायची. दातांच्या डॉक्टरला पाटीवरचा दिवा घालवायच्या बदल्यात अक्रोडाचा केक मिळायचा. "खा. तुझे दात किडले तर तुला फुकटात होईल." एका गृहस्थांना ती फक्त विचारायची, की तुमच्या बायकोला सिगारेटचा वास येत नाही का हो. ते स्वतः उठून बटण बंद करायचे. एका नव्या जोडप्याला तिने सांगितलं होतं, की या चौकात जुलैमध्ये दिवा लावणं राजाच्या काळापासून गुन्हा आहे. ते दोघं दोन उन्हाळे अंधारात जेवले.

एकच खिडकी तिला कधी दाद देत नव्हती. ती पडद्याच्या बरोबर समोर, तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे एमे ब्रोशिए राहायचे. ते रोपवेवर कामाला होते. जन्मभर त्यांनी माणसं डोंगरावर नेली आणि खाली आणली. निवृत्त झाल्यावरही त्यांचा चेहरा तसाच राहिला, म्हणजे समोरचा चढला काय आणि उतरला काय, यांना फरक नाही.

उत्सव सुरू झाला की ब्रोशिए स्वयंपाकघरातली ट्यूब लावत आणि शेवटचा पिक्चर संपेपर्यंत तशीच ठेवत. उजेड पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पडायचा. परदेशी पिक्चरच्या भाषांतराच्या ओळी तिथेच सुरू होतात. त्यामुळे आमच्या चौकाने वर्षानुवर्षं कुठल्याही वाक्याचा पहिला शब्द वाचलेला नाही. मेलं एवढं कळायचं. कोण मेलं ते कळायचं नाही.

ह्युगेतने सगळं करून पाहिलं होतं. एकदा त्यांचा फ्यूज काढायला गेली आणि दुसराच काढला. दातांच्या डॉक्टरकडे एक माणूस तोंड उघडं ठेवून अंधारात बसून राहिला. एकदा माझ्या हाती त्यांना जाड काळा पडदा भेट पाठवला. त्यांनी आभार मानले आणि तो न्हाणीघराच्या खिडकीला लावला. गेल्या जुलैमध्ये तिने त्यांना उत्सवाच्या संध्याकाळीच जेवायला बोलावलं. माणूस इथे आला की दिवा कोण लावणार, असा हिशोब. ते आले. सायीत भाजलेले बटाटे दोनदा वाढून घेतले. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, की तुमच्याकडून माझी ट्यूब फार छान दिसते, मादाम पेलू. ते ट्यूब लावूनच आले होते.

हिवाळ्यात उत्सवाचं काम बघणारी बेरांजेर तिच्याकडे आली. बिचारी कॉफीच्या कपाकडे बघत बोलली. लघुपट पाठवणारे लोक तक्रारी करत होते. येत्या जुलैमध्येही पडद्यावर तो डाग पडला, तर पुढच्या वर्षीपासून पडदा नदीकाठच्या बागेत जाणार होता. तिथे खिडक्याच नाहीत.

ती गेल्यावर मी म्हटलं, बाग काही लांब नाही, मी तुला घेऊन जाईन.

"बागेत मी यायची नाही," ह्युगेत म्हणाली. "तिथे आधीच अंधार असतो. तिथे माझं काय काम?"

त्या संध्याकाळी ती पत्ते खेळली आणि लबाडी केली नाही. तेव्हा मला कळलं, की हे गमतीतलं नाही.

मी विचारलं, की ब्रोशिए असं का करतात हे एकदा त्यांनाच विचार ना. ती म्हणाली, विचारायचं काय, मला माहीतच आहे. फार वर्षांपूर्वी ब्रोशिएंनी एक लघुपट केला होता. त्यांचा तो एकच. रोपवेची रिकामी पेटी वर जाते आणि खाली येते. तो चौकात दाखवला, तेव्हा ब्रोशिए रिवाजाप्रमाणे पडद्याशेजारी उभे होते, कोट घालून. पेटी अर्ध्या वाटेवर असताना ह्युगेतने अंगठी काढली. तिच्या मागोमाग अख्खा चौक शिट्ट्या मारू लागला. आमच्याकडे पिक्चर आवडला नाही की शिट्ट्या मारतात. ब्रोशिए तिथून सरळ घरी गेले. पुढच्या जुलैपासून ट्यूब सुरू झाली.

"मग माफी माग," मी म्हटलं.

"तू साहित्य शिकलीस ना सोलेन, म्हणून असं वाटतं. माफी पुस्तकात मागतात."

तरी बर्फ वितळायला लागल्यावर एका दुपारी तिने अक्रोडाचा केक केला, तो माझ्या हातात दिला आणि समोरच्या जिन्याने आम्ही वर गेलो. प्रत्येक मजल्यावर थांबून ती गुडघ्यांना शिव्या देत होती. ब्रोशिएंनी दार उघडलं, केक पाहिला, आणि आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. वर ती ट्यूब होती. दिवसाढवळ्या अगदी साधी दिसत होती.

ह्युगेतने सांगितलं, की इतकी वर्षं एक गैरसमज झाला आहे. त्या दिवशी पिक्चर चालू असताना कुणी तरी वरच्या खिडकीत दिवा लावला. ब्रोशिएंचं एवढं सुंदर काम खराब होईल म्हणून तिने त्या दिव्यावर शिट्टी मारली. लोकांना वाटलं पिक्चरवर मारली. लोक मूर्ख असतात.

ब्रोशिए केक कापत ऐकत होते.

"मी त्या दिवशी पडद्याकडे बघत नव्हतो, मादाम पेलू," ते म्हणाले. "पिक्चर मला पाठ होता. मी चौकाकडे बघत होतो. एकही दिवा लागला नव्हता."

"मग तुला माझी अंगठीही दिसली असेल."

"दिसली."

मी केकमधला अक्रोड शोधत बसले. मग ब्रोशिए म्हणाले, ट्यूब बंद होईल, पण अटी आहेत. पहिली अट अशी, की तुम्ही तो पिक्चर आत्ता इथे बसून शेवटपर्यंत बघायचा.

त्यांनी कपाटावरून प्रोजेक्टर काढला, झडपा लावल्या, आणि फ्रिजच्या दारावर पिक्चर लावला. पेटी निघाली. खरंच काही होत नव्हतं. अर्ध्या वाटेवर ह्युगेतचा हात सवयीने अंगठीकडे गेला. मला दिसला, ब्रोशिएंनाही दिसला. तिने तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली.

पिक्चर संपल्यावर ती म्हणाली, "खाली येताना बरा आहे."

"आणि वर जाताना?"

"वर जाताना मला डुलकी लागली होती."

ब्रोशिए हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. दुसरी अट त्यांनी लगेच सांगितली. त्यांना दुसरा पिक्चर करायचा होता. जुलैमध्ये एक बाई जिने चढते, एकेक खिडकी विझवत जाते, आणि चौकात अंधार होतो, एवढंच. बाई ह्युगेतच हवी.

"मी काम करीन," ती म्हणाली. "पण भिकार झाला तर शिट्टी मारीन."

"मारा. पडद्यावर तुम्हीच असाल."

मग सगळा वसंत ते दोघं जिन्यांवर होते. ह्युगेत कॅमेऱ्याकडे बघायची. बघू नका म्हटलं की म्हणायची, तो माझ्याकडे बघतो त्याचं काय. दातांच्या डॉक्टरने त्याच्या प्रसंगासाठी केस कापून घेतले. अंधारात जेवणाऱ्या जोडप्याला अंधारात जेवायचं काम मिळालं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की असा कायदा नव्हता. मे महिन्यात ब्रोशिए तिला 'तू' म्हणायला लागले, तेही ओरडताना सोयीचं पडतं म्हणून.

शेवटचा प्रसंग तेवढा बाकी ठेवला होता. त्यात ती ब्रोशिएंच्या स्वयंपाकघरात येणार आणि ट्यूबचं बटण बंद करणार. ब्रोशिए म्हणाले, आत्ताच उरकून टाकू. ती म्हणाली, नाही, उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी, खाली चौक भरलेला असताना. इतकी वर्षं वाट बघितली, आता टाळ्या घेतल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही.

जूनमधल्या एका सकाळी ती पावाच्या रांगेत खाली बसली. चक्कर आल्याचं सोंग करून पुढे घुसायची तिची जुनी युक्ती होती. रांगेतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. मागची बाई म्हणाली, "आज नाही हं, ह्युगेत." दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, तोवर सगळं झालं होतं. अँब्युलन्समधले डॉक्टर म्हणाले, लगेच उचललं असतं तरी काही उपयोग नव्हता. दुकानदाराने तिचा पाव माझ्याकडे आणून दिला. त्याचं टोक शाबूत होतं. ते कितीतरी दिवस मला विचित्र वाटत राहिलं, बाकीच्या गोष्टींपेक्षा जास्त.

जुलै आला. आदल्या दिवशी मी जिने चढायला निघाले, तर काही करावंच लागलं नाही. लोक दार उघडायचे, मला बघायचे आणि मान हलवायचे. ब्रोशिएंचं दार मी वाजवलं नाही. ट्यूबचं बटण तिच्याच हाताने बंद व्हायचं, असं ठरलं होतं. आता काय विचारायचं, मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौक भरला. बेरांजेर पडद्याशी उभी राहून तिसऱ्या मजल्याकडे बघत होती. एकेक खिडकी काळी होत गेली. ब्रोशिएंची आधीच काळी होती. पहिलाच पिक्चर परदेशी होता. कुणी तरी काही बोललं, आणि खालची ओळ पहिल्या शब्दापासून दिसली. चौकात लोक हसले. वाक्य हसण्यासारखं नव्हतं.

मध्यंतरात मी आभार मानायला वर गेले. दार उघडंच होतं. ब्रोशिए अंधारात बसून पाव आणि चीज खात होते. टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेली ट्यूब होती. ती त्यांनी छतावरून उतरवून ठेवली होती. दाराजवळ तिपाईवर कॅमेरा होता, भिंतीवरच्या बटणावर रोखलेला.

मी काही तरी बोलायला हवं म्हणून आत गेले. हात सवयीने भिंतीकडे गेला.

"सोलेन," ते म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. ते तिचं आहे."

बटण अजून चालूच होतं.