मालकाने आधी झोपून पाहायचं

वसुधाताई गेल्याचं बाबांनी फोन करून सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. बाबा वारज्याच्या ज्या सोसायटीत वॉचमन आहेत, तिथेच ताई एकट्या राहायच्या. "ताई गेल्या गं," एवढंच ते म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि ताईंना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं नक्कीच असतील. पण मोहनकाकांच्या लॉजवर त्यांच्याबरोबर मी होते, म्हणून लिहिते.

ताईंची सगळी नोकरी एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर झाली. निवृत्तीनंतर त्या डबघाईला आलेल्या छोट्या लॉजवाल्यांना धंदा सावरायला मदत करायच्या. मला प्रोजेक्टसाठी एखादा छोटा व्यवसाय जवळून पाहायचा होता. बाबांनी गेटवरच त्यांना विचारलं, "पोरीला तुमच्यासंगं न्याल का? लई प्रश्न इचारती, येवढंच हाय." ताई म्हणाल्या, "विचारू दे की. मालकांनी विचारले असते तर माझी गरजच पडली नसती."

मोहनकाकांचा लॉज कसबा पेठेत, एका हॉस्पिटलजवळ. इमारत तिघा भावांची. धाकट्या दोघांना ती बिल्डरला द्यायची होती. त्यांनी काकांना एक वर्ष दिलं होतं, तेवढ्यात लॉज नीट चालला तर ठेवायचा, नाहीतर सह्या करायच्या. घाबरून काकांनी खोल्यांना जांभळा रंग दिला, मोठाले आरसे लावले आणि पाटीवर 'रेसिडेन्सी' असं रंगवून घेतलं. ती पाटी वाचून ताई म्हणाल्या, "छान. आता आत कुणाला राहावंसं वाटतंय का, एवढंच बघायचं."

पहिल्या दिवशी सल्ला द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत होती. मालकाने आधी आपल्याच सगळ्यात वाईट खोलीत गिऱ्हाइकासारखं एक रात्र झोपायचं. काका म्हणाले, "अहो ताई, माझं घर वरच्याच मजल्यावर आहे." ताई म्हणाल्या, "म्हणूनच. आणि घरची उशी आणायची नाही." सकाळी काका मान धरून खाली आले. पंख्याचं बटण दाराशी आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पण ते सांगून झाल्यावर म्हणाले, "शेजारच्या खोलीतली बाई रडत होती हो. नवरा आयसीयूत आहे तिचा. आणि बाराला चेकआउट म्हणून मी तिला खोली सोडायला सांगणार..." ताई म्हणाल्या, "मोहनराव, तुमच्याकडे पर्यटक येतच नाहीत. ज्यांचं माणूस ॲडमिट आहे ते येतात. त्यांना आरसे कसले दाखवताय?"

आरसे निघाले. त्या जागी कपडे वाळत घालायला दोऱ्या आल्या, आणि पहाटेच वॉर्डात जाणाऱ्यांसाठी गरम पाणी सुरू झालं. मागच्या बाजूला गॅस बसवला, पेशंटसाठी कुणाला मऊ भात करून न्यायचा असेल तर. बाराचा नियम ताईंनी काढून टाकायला लावला. डिस्चार्ज कधी मिळेल हे डॉक्टरही सांगत नाहीत, आणि दुसरं जे होऊ शकतं त्याला तर वेळच नसते... हे दुसरं त्या कधी बोलल्या नाहीत, पण काकांना कळलं. हळूहळू वॉर्डातल्या बायका एकमेकींना लॉजचं नाव सांगू लागल्या. खोल्या भरायला लागल्या.

त्याच सुमारास ताई आजारी पडल्या. त्याच हॉस्पिटलात होत्या, आणि साताऱ्याहून आलेली त्यांची बहीण काकांच्याच लॉजवर उतरली. वर्ष संपलं तेव्हा काकांचे भाऊ येऊन भरलेल्या खोल्या बघून गेले, चहा घेतला, लॉज चांगला चाललाय म्हणाले, आणि तरी बिल्डरच्या कागदांवर सह्या करायचं ठरवलं. काकांनाही करावी लागली. त्यानंतर आम्ही दोघं ताईंना भेटायला गेलो. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. "भावांचं काय झालं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "ऐकलं त्यांनी. चालू ठेवा म्हणाले." ताईंनी डोळे मिटले. "मग तो जांभळा रंग तेवढा घालवा आता." बाहेर जिन्यात काका कठडा धरून उभे राहिले. मला म्हणाले, "दुसरं काय सांगणार होतो गं?" ताईंची तीच शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात लॉज बंद झाला. पाटी उतरवली, दाराला कुलूप लागलं. तरी काका रोज सकाळी दारासमोर खुर्ची टाकून बसतात, कारण माणसं येतातच. वॉर्डात कुणीतरी सांगितलेलं असतं. परवा मी तिथे असताना एक बाई आल्या, हातात एक्स-रेचं पाकीट, पिशवीत चादर. "हितं खोली मिळती म्हनं," त्या म्हणाल्या. काका उठले आणि त्यांनी आपली खुर्ची बाईंना दिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या गल्लीतल्या लॉजला फोन लावला. तिकडच्या माणसाने एसी हवी की नॉन-एसी, ते विचारलं. मी विचारलं, "पहाटे गरम पाणी मिळतं का?" असं कधी कुणी विचारलं नाही, मालकांना विचारून सांगतो, तो म्हणाला.

"विचारा," मी म्हटलं. "मी थांबते."