समासातली हिरवी ओळ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर दुपारी डोळा लागावा म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, मागून येणारी पावलं... दोन पानांत झोप येते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितेय, कारण गेले तीन महिने हे एकटीने वागवून मी दमले आहे.

मी प्रेमकथा लिहिते. तुमच्यापैकी कोणाच्या तरी आईच्या उशाखाली माझी एखादी कादंबरी सापडली असेल — गुलाबी कव्हर, पाठमोरी नायिका. अशा छत्तीस लिहिल्या. राहते उमेळ्यात. घराला पुढे पडवी, बाजूला केळी आणि मोगऱ्याची थोडी वाडी, कुंपणापलीकडे आता सात मजली बिल्डिंग. माझी लिहायची खोली पडवीला लागूनच, मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीला एक खिडकी. ही खिडकी लक्षात ठेवा.

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. मी लिहिलेलं सगळ्यांत आधी तेच वाचायचे, हातात हिरवी पेन्सिल घेऊन. लाल का नाही, तर म्हणे, "लाल बघून पोरं घाबरतात, तू तर रडायलाच बसशील." प्रेमाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. फक्त वेळ तपासायचे. माझी एक नायिका अकरा महिने गरोदर राहिली होती आणि एक नायक एकाच संध्याकाळी राजोडीच्या किनाऱ्यावरही होता आणि नाशिकच्या इस्पितळातही. अशा ठिकाणी समासात बारीक अक्षरात एकच शेरा यायचा — 'वेळ जुळत नाही. परत मोज.' या शेऱ्याचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

चार वर्षांपूर्वी ते गेले. दुपारी जेवण झालं आणि दीडच्या सुमारास ते पडवीतल्या खुर्चीत बसले, मांडीवर माझी पानं, हातात पेन्सिल. मी आत लिहीत होते. साडेचारला पाववाल्याचा भोंगा वाजला आणि लगेच खिडकीतून ह्यांची हाक आली, "अगं, जरा ये गं." मी म्हटलं, "थांबा, एवढं पान संपवते." पान संपायला दहा मिनिटं लागली. बाहेर आले तर मान एका बाजूला कललेली. हातातली पेन्सिल काढायला गेले तर सुटेना. शेवटी तशीच राहू दिली आणि ती त्यांच्याबरोबरच गेली.

त्या हाकेबद्दल मी कोणालाही सांगितलं नाही. दिराला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. नायकाने हाक मारली की नायिका धावत जाते, अशी छत्तीस पुस्तकं लिहिलेली बाई स्वतःच्या नवऱ्याच्या हाकेला उठली नाही — हे कोणत्या तोंडाने सांगायचं? लगेच उठले असते तर ते वाचले असते, असं मला वाटायचं. वाटायचं कसलं, खात्रीच होती. ती दहा मिनिटं मी चार वर्षं रोज जगत होते.

त्यानंतर प्रेमकथा जमेना. नायकाने तोंड उघडलं की माझं पेन थांबायचं. शेवटी आमच्या संपादिका बाई म्हणाल्या, "मॅडम, सध्या मर्डर मिस्ट्री चालतेय. ट्राय करा ना." मला वाटलं, बरं आहे. प्रेमाला मन लागतं, खुनाला नुसतं डोकं पुरेल.

तर माझ्या थ्रिलरमध्ये एक निवृत्त माणूस आपल्या वाडीतल्या घरात मरतो. सगळे हार्ट अटॅक समजतात. शेवटी कळतं की खुनी त्याची बायको. तिने विष वगैरे काही घातलं नाही. तो हाका मारत होता आणि ती मुद्दाम उठली नाही, एवढंच. शपथेवर सांगते, लिहिताना मला कळलंसुद्धा नाही मी काय लिहितेय ते. खुर्ची तीच, मोगरा तोच, पाववाला तोच. पेन्सिलीचा फक्त चष्मा केला होता.

मी अजून वहीत हातानेच लिहिते. पानांचे फोटो काढून नालासोपाऱ्याच्या पूजाला पाठवते, ती टाईप करते. हुशार मुलगी आहे. एका सकाळी, अकरा वाजले असतील, तिचा मेसेज आला — 'मॅडम, साइडला ग्रीनने जे लिहिलंय ते पण टाईप करायचं का?'

मी फोनच लावला. "काय लिहिलंय?"

"वेळ जुळत नाही, परत मोज. असंच आहे ना मॅडम? अक्षर एकदम बारीक आहे, झूम करून वाचलं मी."

वही उघडली. समास कोरा होता. मग माझ्याच फोनमधला फोटो उघडला, आदल्या दिवशी मीच काढलेला. समासात हिरवी ओळ होती. ते अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही.

भीती वाटली का? नाही. राग आला. चार वर्षं ना स्वप्नात, ना कुठे, आणि आलात ते चूक काढायला! मोठ्याने म्हणाले तसं, एकटीच. मग खूप रडले. मग डोळे पुसले आणि जुन्या सवयीने चूक शोधायला बसले. शेरा ज्या वाक्यासमोर होता ते वाक्य असं होतं — 'दहा मिनिटांनी ती बाहेर आली, तेव्हा त्याच्या ताठ बोटांतून चष्मा सुटत नव्हता.'

यात काय चुकलं? मी तर डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं होतं. शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. त्या दिवशी तेच आले होते.

"डॉक्टर, कादंबरीसाठी विचारतेय. माणूस गेल्यावर दहा मिनिटांत बोटं ताठ होतात का?"

"छे हो, दहा मिनिटांत कुठली! आधी जबडा, मान... बोटांपर्यंत यायला दोन-तीन तास तरी लागतात." मग त्यांनीच विचारलं, "ताई, हे कादंबरीसाठीच ना?"

"नाही," मी म्हटलं. म्हटलं, खरं काय ते सांगा.

"मी पाचला आलो तेव्हा सर पूर्ण गार होते. ताठले होते. दोनच्या आसपास, बहुतेक झोपेतच गेले असावेत. सर्टिफिकेटवर आहे की. सुधीरला तेव्हाच बोललो होतो मी."

सुधीर माझा धाकटा दीर, वाडीच्या पलीकडच्या टोकाला राहतो. तेव्हा सगळी कागदपत्रं त्यानेच बघितली होती, मी एकही कागद वाचला नव्हता. त्याला बोलावून विचारलं, मला का सांगितलं नाहीस. पडवीच्या पायरीवर उभा राहिला, मान वर करेना.

"वहिनी, काय सांगायचं होतं तुला? दादा दोन-अडीच तास इथं तसाच बसलेला नि तू भिंतीपलीकडं लिवत होतीस. समजलं असतं तर पेन परत हातात धरलं असतंस का तू? म्हनून कोनाला बोललो नाय."

तो माझ्यासाठी गप्प बसला आणि मी लाजेने. दोघांच्या गप्प बसण्यात चार वर्षं गेली. मी त्याला पहिल्यांदाच हाकेचं सांगितलं. पाववाला, साडेचार, खिडकी, 'अगं, जरा ये गं', सगळं.

"दादा तवा नव्हताच," तो म्हणाला. "मंग हाक कोनी मारली?"

हाच प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले आहे. हाक माझा भास होता, असं समजू. पण ओळ पूजाने आधी वाचली, मी नाही. तिने ह्यांना कधी पाहिलेलंही नाही. फोटो दोघींच्या फोनमध्ये आहे, वहीचं पान आजही कोरं आहे. एका फोटोग्राफरला दाखवला तर तो म्हणाला कॅमेऱ्याचा दोष. कॅमेऱ्याच्या दोषाला असं शुद्ध मराठी लिहिता येतं, हे मला माहीत नव्हतं. मला काही उलगडत नाही आणि आता उलगडून घ्यायची ताकदही नाही.

कादंबरीचा शेवट मी बदलला. आता हाकच येत नाही, बायकोला उठायला कारणच नसतं, कारण तो झोपेत शांतपणे गेलेला असतो. संपादिका बाई वैतागल्या.

"मॅडम, मग यात खून कुठाय?"

"खून झालाच नव्हता हो," मी म्हटलं, आणि फोनवरच मला रडू फुटलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या असतील. प्रकाशक काही हे पुस्तक छापणार नाहीत.

हल्ली साडेचारला पाववाल्याचा भोंगा वाजला की मी पेन खाली ठेवते, वाक्य अर्धं असलं तरी, आणि पडवीत जाऊन त्या खुर्चीशेजारी बसते. कोणी हाक मारत नाही. मारली, तर या वेळी मी जवळच असेन.