पहाटे सोडलेलं गोणपाट

धुकं अजून छपरांवरून हललं नव्हतं, आणि फौजी घमेल्यातल्या गार पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा शोधत बसला होता. तरणेपणी लष्कराचा ट्रक हाकला, आता गल्लीच्या तोंडाशी पंक्चरं काढतो. हनुवटीवर दोन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले. आरसा न घेता चाचपडत दाढी करायची खोड चाळीस वर्षांची. बायको म्हणते, "अहो, लढाईत एक ओरखडा नाही, आणि घरात रोज सकाळी रक्तपात!"

ट्यूब लंब्याच्या बहिणीच्या सायकलची. लंब्या म्हणजे परमुलखातल्या लढाईतला फौजीचा जोडीदार, तिकडेच कामी आलेला. बहीण स्टुलावर बसून हरखून सांगत होती, "दादा, शाळेच्या वाचनालयाला त्याचं नाव देतायत. शनिवारी चार शब्द तुम्हीच बोलायचे."

"मला नाही जमायचं."

"अजून मनाला लावून घेता? ऊन चमकून विमानांना दिसू नये म्हणून ट्रकच्या आरशांवर गोणपाट बांधायचा हुकूमच होता ना? मग मागून पळत येणारा माणूस दिसणार कसा? मी काय दोष देते का तुम्हाला?"

हे त्यानेच तिच्या आईला ऐकवलं होतं, लंब्याची सामानाची पेटी पोचवायला गेला तेव्हा. माउलीने उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून निखाऱ्यासारखा पाठीवर होता. आता तेच भरल्या सभेत म्हणायचं?

"ताई," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "गोणपाट मी त्या पहाटे सोडलं होतं. दाढी करायला. परत बांधायचं राहिलं."

त्याने ट्यूब पाण्यात आणखी खाली दाबली.

"दिसला मला तो. हात हलवत पळत होता. मागे तोफा धडधडत होत्या. ब्रेकवर पाय नेला आणि काढून घेतला. भ्यालो, ताई. आरशात तो बारीक बारीक होत गेला, तोवर बघत होतो."

बहीण उठली. "आई मरेपर्यंत तुम्हाला लेक म्हणत होती," एवढंच बोलली आणि सायकल तशीच टाकून धुक्यात चालत गेली.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "अगंबाई, सायकल न घेताच गेली?"

"येईल न्यायला," तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता.

घमेल्यात बुडबुडा आला. ती जागा अंगठ्याखाली धरून त्याने ट्यूब पुसली आणि ठिगळासाठी घासायला घेतली.