शेकरचं झाकण

झाकण निघत नव्हतं. मुंबईहून आलेले निर्यात एजंट देसाई ते दोन्ही हातांनी पिळत होते. आमचे कारखानदार नाना त्यांच्याकडे नवशिक्याकडे बघावं तसे बघत होते.

"नाना, हे परदेशात पाठवलंत तर तिथली माणसं तहानेनं मरतील."

"आमच्याकडे शंभरदा उघडलंय, देसाईसाहेब. जरा दमानं घ्या."

"मग उघडा तुम्हीच."

नानांनाही उघडेना.

ते भांडं म्हणजे कॉकटेल शेकर. मद्य, फळांचा रस आणि बर्फ घालून हलवायचं, झाकणाचं उभं स्टीलचं भांडं. सातारा रस्त्यावरच्या नानांच्या शेडमध्ये एरवी डबे आणि तांबे निघत. ते काम आटत चाललं होतं. देसाईंनी हा नमुना नाकारला असता, तर पत्रा दाबून भांडी काढणाऱ्या प्रेसवरच्या माणसांना घरी बसवावं लागलं असतं. डिझाइन माझं होतं.

मी त्याला स्ट्रीमलाइन आकार दिला होता. विमानाला वारा कापता यावा म्हणून देतात तसा, निमुळता आणि गुळगुळीत. परदेशात एके काळी ही फॅशन टोस्टरपासून शेकरपर्यंत सगळ्यांना लागली होती. ड्रॉइंग पाहून नानांनी विचारलं होतं, "हे टेबलावरून कुठं उडणार आहे?" नाना गेल्या महिन्यात गेले. हा प्रश्न अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतो.

देसाई रागावून चहाला बसले. चहा संपेपर्यंत मी शेकर हातात घेऊन उगाच फिरवत राहिलो, आणि झाकण सहज निघालं.

"बघा!" नाना म्हणाले.

मला मात्र वेगळंच कुतूहल वाटलं. मघाशी का नाही निघालं? मी देसाईंना विचारलं, "तुम्ही यात घातलं काय होतं?"

"लिंबूसरबत आणि बर्फ. तुमच्या मार्केट यार्डाजवळच्या रसवंतीतून आणवला. शेकरमध्ये बर्फ घालतात हो!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे. बर्फ आम्ही कधी घातलाच नव्हता. गार प्यायलं की घसा बसतो, हा नानांच्या घरचा कायदा शेडमध्येही चाले. नळाचं पाणी भरायचं, हलवायचं, गळत नाही एवढं बघायचं. दुपारच्या जेवणाचं ताकही त्यातच घुसळून झालं होतं.

पुन्हा बर्फ आणला. झाकण पुन्हा अडकलं. आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते; मघाशी माझ्या हातात भांडं कोमट झालं, म्हणून ते सुटलं होतं. बाहेरून भांड्याला पाणी सुटतं, आणि माझ्या गुळगुळीत आकारावर ओला हात नुसता घसरतो.

त्या फॅशनच्या जुन्या वस्तूंवर तीन समांतर रेघा असत, वेग दाखवायला. नखरा म्हणून मी त्या गाळल्या होत्या. आता झाकणाभोवती तशाच तीन उठावदार रेघा घेतल्या आणि झाकण केसभर सैल केलं.

"वेग राहू दे," नाना म्हणाले, "हाताला धरायला तरी झालं."

दुसरा नमुना देसाईंनी ओल्या हातानं उघडला. त्यांनी तो बॅगेत ठेवला. ऑर्डर आली, प्रेस चालू राहिला. पुढे तपासणीसाठी शेडमध्ये बर्फ येऊ लागला. तपासणी झाली की नाना तो स्वतः मोरीत ओतत, कुणाला मोह नको म्हणून.

लोकांच्या घरात जाणारी वस्तू आपल्या घरच्या पथ्यावर तपासू नये.