काउंटरचे केस

"केस माझे, मग डोकं तुमचं का दुखतंय?" असं विचारून ती मानेला एक झटका द्यायची आणि तिचे दाट, कुरळे केस खांद्यांवर उसळायचे. ऑफिसात तिला विंचरायचा सल्ला देणारा माणूस पुन्हा तोंड उघडत नसे.

बेलापूरला आमचं एका बिल्डरचं फ्लॅट विकायचं ऑफिस. मी हिशेब बघते, ती आतल्या खोलीत फोनवर असायची. जवळच्याच दिवाळे गावातल्या कोळ्यांची पोर. खाडीचा वारा कुठल्या खिडकीतून येतो, हे ती फोनवर असं सांगायची की गिऱ्हाईक संध्याकाळी साइटवर हजर. तिचा आवाज ऐकला असता तर तुम्हीही फ्लॅट बुक केला असता.

मग बाहेरच्या काउंटरची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, "तुलाच बसवायचंय. फक्त ते केस जरा प्रोफेशनल कर."

आठवडाभर तिचं ते "केस माझे" ऐकू आलं नाही. मग मला म्हणाली, "ताई, येता का सोबत?"

पार्लरचं दार बंद, एसी चालू. क्रीम लावणाऱ्या मुलीच्या तोंडाला मास्क, हातांत मोजे. हिच्या तोंडावर काहीच नाही. केसांवरून इस्त्री फिरली तसा धूर निघाला, आमचे डोळे चुरचुरले.

"हर्बल आहे मॅडम, एकदम सेफ."

"मग तुमी मास्क का लावलाय?" हिने विचारलं.

"मला रोज करावं लागतं ना!"

ती काउंटरवर बसली. मुळाशी पुन्हा वळण दिसलं की साहेब नुसतं तिच्या डोक्याकडे बघायचे, आणि ही पार्लर गाठायची. टाळूवर फोड आले, तर भांग बदलून ते झाकले. एकदा पार्लरहून आली आणि दुसऱ्या दिवशी उलट्या, कमरेत कळा, पाय सुजलेले. "कोलंबी बाधली असेल," म्हणाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी खाणंपिणं, गोळ्या, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "केसांना काही लावलंत?" मूत्रपिंडं बिघडली होती. केस सरळ करायच्या काही क्रीममधलं रसायन टाळूतून अंगात भिनतं आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतं, असं त्यांनी समजावलं. "दुसरं कारण तरी सापडत नाही. पुन्हा हे करू नका."

बाहेर बाकावर तिची आई बसली होती, बाजारातून तशीच आलेली. "पोरीचं केस कोनाला टोचत व्हतं गो? कोनाला?"

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण थोडीच जबरदस्ती केली? तिचा चॉइस होता."

चॉइस! काउंटर हवं तर डोकं भाजून घे, डोकं सांभाळायचं तर आत बस, याला म्हणे चॉइस! माझ्या हातातला चहा त्यांच्या टेबलावर सांडला. चुकून नाही.

ती बरी झाली, पण पुरती नाही. जेवण अळणी, कोळ्याच्या पोरीला सुकी मासळी बंद. ती परत आली तेव्हा कानापर्यंत कापलेले केस पुन्हा कुरळे होत होते. साहेबांनी तिला आतली खोली दाखवली.

"सर, किडनीपर्यंत देऊन झालं. आता काय देऊ?" तिने आयकार्ड काउंटरवर ठेवलं आणि निघून गेली.

तिच्या जागी दिघ्याची एक मुलगी आली. तिचेही केस कुरळे. साहेबांचं वाक्यही तेच. मी हिला फोन केला, तर ही दुसऱ्या दिवशी दुपारी दारात. तिने काही उपदेश केला नाही. केस बाजूला केले आणि त्या मुलीचा हात धरून टाळूवरच्या वणावर ठेवला. "हात लावून बघ." मुलीने चटका बसल्यासारखी बोटं मागे घेतली आणि पार्लरची वेळ रद्द केली.

पुढच्या महिन्यात ती मुलगी पार्लरला गेलीच. घरी एकटी कमावती आहे. तिच्यावर मी काय चिडू? चिडायचं कुणावर हे मला माहीत आहे, तो रोज माझ्यासमोरून केबिनमध्ये जातो.

परवा हिचा फोन आला. "ताई, त्या पोरीचे केस कसे हायेत?"

काचेपलीकडे ती पोर, केस इस्त्री केल्यासारखे सरळ, लाल डोळे चोळत गिऱ्हाइकाला हसून पाणी देत होती.

"कुरळे," मी म्हटलं. "होते तसेच."

"आये, आयकलंस का?" ती फोन तसाच टाकून आईला सांगायला पळाली. पलीकडून दोघींचं हसणं ऐकू येत राहिलं. मी दात आवळून फोन कानाशी धरून बसले.