पोटाच्या सीटीआधी पेशंट जे सांगत नाहीत

चंद्रपुरातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. सीटी मशीनवर चौदा वर्षं झाली. पोटाचे फोटो मशीन साठवतं आणि पोटातल्या गोष्टी मी! घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, "काहीही फेकून राह्यली तू." म्हणून तुम्हालाच सांगते. नावं सांगणार नाही, पण फेकलेलं एकही नाही.

*

नागभीडकडचे एक रिटायर गुरुजी. स्कॅन सकाळी अकराला. फोनवर बजावलं होतं, "सहा तास काही खायचं नाही." सुईतून औषध गेलं की कोणाकोणाला उलटी होते, म्हणून पोट रिकामं लागतं.

गुरुजी वेळेवर हजर. मिशीला पोह्यांचा कण!

"गुरुजी, उपाशी आहात ना?"

"सहा तास म्हणजे सहा तास, मॅडम. घड्याळ लावून बसलो होतो."

"कधीपासून?"

"काल दुपारी बारा ते सहा!"

*

ब्रह्मपुरीचे सासरे-जावई आले. आतडी नीट दिसावीत म्हणून पाण्यात औषध मिसळून एक मोठी बाटली पेशंटला तासाभरात, घोट घोट प्यायला देतो. सासऱ्यांना दिली. तासाने बाहेर येऊन पाहते तर बाटली चकचकीत रिकामी. मी शाबासकीही दिली!

स्कॅन सुरू केला. स्क्रीनवर औषध पुरेसं दिसेचना. निम्मं पाणी गेलं कुठं? मी घाबरून बाहेर धावले.

"बाबाजींनी पूर्ण पेलं होतं ना?"

जावई म्हणाला, "त्याईच्यानं पेल्या जाऊन नाई राह्यलं होतं जी. वाया काऊन घालवाचं? अर्धं मी पेलो."

मी कपाळाला हात लावला. त्याचा चेहरा उतरला.

"मंग आता माझाबी फोटो काढा लागते का?"

*



वरोऱ्याचे एक काका. सुईचं औषध देण्याआधी आम्ही फॉर्म भरतो. दमा आहे का, किडनीचा रिपोर्ट काढला का, कशाची ॲलर्जी आहे का. काका प्रत्येकाला "नाही, नाही" म्हणत गेले. किडनीचा रिपोर्ट चांगला होता. नसेत सुई लावली, नळी जोडली. मी बटण दाबायला वळले तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला, "मॅडम, मागच्यासारखं यांचं तोंड सुजणार नाई ना?"

माझं बोट तिथंच थांबलं.

"मागच्यासारखं म्हणजे?"

"हेच सुई देल्ली होती नागपूरले. डोळे मिटले, गळा बसला, श्वास लागेना. दोन दिवस आयसीयूत होते ना!"

मी काकांकडे पाहिलं. "काका! ॲलर्जी आहे का म्हणून मी तीनदा विचारलं!"

काका चिडले. "ॲलर्जी थोडीच होती ते? रिॲक्शन होती!"

आमच्या डॉक्टर मॅडमनी स्कॅन सुईशिवायच करायला लावला.

*

सुईचं औषध गेलं की अंग गरम होतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, फक्त वाटतं. एकदा एका बाईला घाईत हे सांगायचं राहून गेलं. स्कॅन झाला तरी ती बाई टेबलावरून उठेना. डोळ्यांतून पाणी.

"तू भायेर जाय माय," ती म्हणाली. "मी पुसून घेतो."

टेबल कोरडं ठणठणीत होतं. मलाच लाज वाटली.

*

एटापल्लीकडचे एक आजोबा. आमच्या मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज येतो: श्वास घ्या, रोखा, सोडा. दहाएक सेकंदांचं काम. त्या दिवशी "रोखा" म्हणून स्पीकर बंद पडला!

मला पत्ता नाही. फोटो आले, मी आरामात उठले, दार उघडलं. आजोबांचा चेहरा काळानिळा, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या!

"आजोबा, सोडा! श्वास सोडा!"

भस्सकन हवा सुटली. बराच वेळ धापा टाकून माझ्यावरच रागावले, "सोडा म्हनायले एवढा टाइम लागते का, बाई?"

*

लग्नाला वर्षही न झालेली एक पोरगी पोट दुखतं म्हणून आली, सोबत सासू. पोटात बाळ असेल तर त्याला एक्स-रेची किरणं लागायला नकोत, म्हणून आम्ही विचारतोच, "पाळी चुकली का?"

सासू म्हणाली, "नाई जी, तसं काई नाई."

फॉर्मवर "नाही" लिहिलं. आत टेबलावर तिला झोपवताना, का कोण जाणे, पुन्हा विचारलं. तिनं बोटं मोजली.

"दोन महिने झाले."

मी हादरलेच! तिला उतरवलं आणि मॅडमकडे सोनोग्राफीला पाठवलं. जाता जाता मी म्हटलं, "अगं, बाहेरच काऊन नाही सांगितलं?"

"मले कुठी इचारलं तुमी? आईले इचारलं."

*

आणि हे दोघं भाऊ. गडचिरोलीतल्या जंगलातल्या गावचे, दोघंही साठीच्या पुढचे. धाकट्याचं पोट असह्य दुखत होतं. थोरल्यानं त्याला जीपपासून मशीनपर्यंत पाठीवर आणलं. मागून धाकट्याची बायको, पिशवी घेऊन.

मी विचारलं, "ऑपरेशन झालंय का? अंगात धातूचं काही?"

"काई नाई," धाकटा म्हणाला.

कमरेचा चांदीचा करदोडा काढून ठेवला. पहिला फोटो आला आणि मी दचकले. पोटाच्या कडेला पांढरे ठिपके चमकत होते! करदोडा तर माझ्या ट्रेमध्ये होता. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि घरच्यांना आत घेतलं.

"पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. दुखणं त्याचंच, बरं होईल. पण तुम्हाला कधी गोळी लागली होती का?"

"नाई जी," धाकटा म्हणाला. "तरणा होतो तवा मोहाच्या झाडावरून पडलो होतो."

बायको म्हणाली, "हो जी. माह्या लग्नाच्या आंधीची गोष्ट. चाळीस साल झाले, ते वण पाहून राह्यली मी."

मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "पडल्याचे वण नाहीत हे, बाई. बंदुकीचे छर्रे आहेत. आत सात आहेत."

बायको नवऱ्याकडे पाहत राहिली. नवरा फरशीकडे.

थोरला मात्र स्क्रीनजवळ सरकला. ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"सात?" तो म्हणाला. "बार तं मी एकच उडवला होता!"